हिरव्या पाटीखालची जागा कुणाची?

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: इंधन वाचवणाऱ्या गाड्यांसाठी राखून ठेवलेलं पार्किंग आणि त्यावरून होणारी भांडणं. म्हणून हा संपूर्ण अंक त्यालाच दिला आहे. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसच्या तळघरात लिफ्टला लागून बारा जागा हिरव्या रंगवल्या आहेत. पाटीवर ‘कमी प्रदूषण करणाऱ्या व इंधन-बचत करणाऱ्या वाहनांसाठी राखीव’ एवढंच लिहिलंय. माझी गाडी स्ट्राँग हायब्रिड आहे, म्हणजे थोडं अंतर नुसत्या विजेवरही धावणारी. सकाळचा गार्ड म्हणतो, हिरवी नंबरप्लेट असेल तरच आत. दुपारचा गार्ड सीएनजी गाड्याही सोडतो. खरा नियम कोणता?

उत्तर : दोन्ही गार्ड आपापल्या परीनं अर्थ लावताहेत, कारण पाटीवर अर्थच दिलेला नाही. चूक पाटी लावणाऱ्यांची आहे.

ही पाटी आली कुठून ते पाहू. अमेरिकेतल्या यूएस ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची ‘लीड’ नावाची इमारतींना गुणांकन देणारी पद्धत आहे. भारतात ती २००३ पासून रुजली. त्या वर्षी हैदराबादच्या सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला प्लॅटिनम दर्जा मिळाला होता. ‘लीड’च्या २००९ च्या आवृत्तीत एक गुण असा होता, की एकूण पार्किंगच्या ५ टक्के जागा प्रवेशद्वाराजवळ आणि कमी प्रदूषण करणाऱ्या गाड्यांसाठी राखून ठेवायच्या. अशी गाडी म्हणजे कोणती, हेही तिथं स्पष्ट होतं. एकतर कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळानं ‘शून्य उत्सर्जन’ म्हणून मान्य केलेली, नाहीतर गाड्यांना पर्यावरणाच्या दृष्टीनं गुण देणाऱ्या एसीईईई या अमेरिकी संस्थेच्या वार्षिक यादीत किमान ४० गुण मिळवलेली. पुढच्या आवृत्तीत ही अट ४५ वर गेली. पाटी रंगवताना मात्र ही व्याख्या बहुतेक ठिकाणी फाइलमध्येच राहिली.

एसीईईईची यादी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मॉडेलांची आहे. आपल्याकडच्या गाड्यांना ती जशीच्या तशी लावता येत नाही. म्हणून तुमच्या प्रशासन विभागानं स्वतःची व्याख्या लिहावी, आणि ती इंधनाच्या नावावर न लिहिता किलोमीटरमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, यावर लिहावी. हिशेब अवघड नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो आणि एक किलो सीएनजीमागेही साधारण २.७ किलो. मर्यादा किलोमीटरला १०० ग्रॅम ठेवली, तर पेट्रोल गाडीचं प्रमाणित मायलेज २३ च्या वर असायला हवं आणि डिझेल व सीएनजी गाडीचं २७ च्या वर.

आकडे घालून पाहा. ग्रँड विटारा आणि हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिडचं प्रमाणित मायलेज २७.९७ आहे, म्हणजे सुमारे ८२ ग्रॅम. वॅगन आर सीएनजी किलोला ३४ च्या आसपास जाते, म्हणजे ८० ग्रॅम. तुमची गाडी आणि दुपारच्या गार्डनं सोडलेली सीएनजी गाडी यांच्यात फरक जवळजवळ नाहीच. या हिशेबानं २०२४ ची साधी पेट्रोल स्विफ्टही आत येते, तिचं प्रमाणित मायलेज २४.८ आहे. हे ऐकून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण पाटीवर ‘इंधन-बचत’ लिहिलं असेल तर छोट्या स्विफ्टला बाहेर ठेवून मोठ्या माइल्ड हायब्रिड (विजेची मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते अशा) एसयूव्हीला आत घेण्याला काही आधार नाही. ‘हायब्रिड’ हे बिल्ल्यावरचं नाव आहे, मोजमाप नाही.

पात्र गाड्या जागांपेक्षा फारच जास्त निघाल्या तर मर्यादा ८५ ग्रॅमवर आणा. मग पेट्रोलला २७ आणि डिझेल-सीएनजीला ३२ लागतील. मायलेज नेहमी गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेनं प्रमाणित केलेलंच धरा. ‘माझी हायवेला तीस देते’ हा पुरावा होत नाही.

आता गार्डला गाडी ओळखता यायला हवी. हिरवी प्लेट फक्त विजेच्या गाड्यांना मिळते: खासगी असेल तर पांढरी अक्षरं, भाड्याची असेल तर पिवळी. हायब्रिडला साधीच पांढरी प्लेट असते. पुढच्या काचेवरच्या इंधनाच्या स्टिकरचाही उपयोग नाही, कारण पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींना फिकट निळाच रंग असतो. म्हणून ऑफिसनं आरसी पाहून स्वतःचं स्टिकर द्यावं, त्यावर गाडीचा नंबर आणि वर्ष छापावं आणि दर जानेवारीला ते बदलावं. पाटीवर तीनच ओळी पुरेत: कोणत्या गाड्या, कोणतं स्टिकर, तक्रार कोणत्या नंबरवर. असं केलं की गार्डला कुणाशी वाद घालावा लागत नाही, तो स्टिकर पाहतो आणि बाजूला होतो. बारा-बारा तास उभ्या असलेल्या माणसावर व्याख्या ठरवण्याचं ओझं टाकणं आम्हाला पटत नाही.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला असते. आमच्या ऑफिसबाहेर अशाच राखीव जागा आहेत आणि तिथं रोज एक भलामोठा पिकअप ट्रक उभा असतो. पोलिसांना कळवता येईल का? वायपरखाली चिठ्ठी ठेवली तर वाईट दिसेल का?

उत्तर : आधी पाटी नीट वाचा. जागा चार्जिंगची असेल आणि नियमाप्रमाणे पाटी लावलेली असेल, तर कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यानुसार तिथं फक्त चार्जिंगला जोडलेली गाडी उभी करता येते. विजेची गाडीसुद्धा केबल न लावता उभी राहिली तर नियमभंगच होतो. पण पाटीवर नुसतं ‘कमी प्रदूषण करणारी वाहनं’ असेल, तर ती इमारतीच्या मालकानं गुणांकनासाठी लावलेली असते आणि तिच्यामागे सहसा कायदा नसतो. पोलीस येणार नाहीत. जागेच्या मालकाला किंवा फॅसिलिटी विभागाला मात्र खासगी जागेचे नियम लावण्याचा अधिकार आहे. म्हणून ट्रकचा नंबर, तारीख आणि जागा क्रमांक लिहून त्यांना ईमेल करा, तीनचार दिवसांची नोंद एकत्र द्या.

चिठ्ठी ठेवू नका. गाडीवर लावलेल्या निनावी चिठ्ठीनं आजवर जागा मोकळी झाल्यापेक्षा वैर वाढल्याचंच जास्त दिसतं. आणि साध्या पेट्रोल सेडानबद्दल तक्रार करण्याआधी एसीईईईची यादी बघा. गुण मॉडेल आणि वर्ष यांच्यावर ठरतात, त्यामुळे काही छोट्या पेट्रोल गाड्याही ४० ओलांडतात. फॅसिलिटीवाल्यांना एक पर्यायही सुचवा: जागा राखण्याऐवजी पात्र गाड्यांना पार्किंगच्या दरात किमान २० टक्के सवलत देणं हेही ‘लीड’ला चालत असे. जिथं पार्किंगला पैसे पडतात तिथं यावर पहारा ठेवावा लागत नाही.

प्रश्न : आमच्या ९६ फ्लॅटच्या सोसायटीत चौदा विजेच्या गाड्या आहेत आणि सामायिक चार्जर दोनच, ७.२ किलोवॉटचे. काहीजण रात्री आठला गाडी लावतात ती सकाळी नऊलाच काढतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज वाद. एकानं दुसऱ्याची केबल काढली तेव्हा प्रकरण हातघाईवर आलं. आणखी चार्जर घ्यायला समिती तयार नाही. (बाणेर, पुणे)

उत्तर : आणखी चार्जर घेण्याआधी हा हिशेब समितीपुढे ठेवा. शहरात रोज ४० किलोमीटर धावणारी गाडी दिवसाला सुमारे ६ युनिट वीज खाते, आठवड्याला ४२. चार्जिंगमधली गळती धरून ४६. ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर यासाठी साडेसहा तास पुरतात. चौदा गाड्यांचे झाले सुमारे ९० तास. दोन चार्जर आठवड्यात ३३६ तास उपलब्ध असतात. म्हणजे तुमचे चार्जर चार्जिंगसाठी जेमतेम पाव वेळ लागतात आणि उरलेला वेळ भरलेल्या गाड्यांना ओटा पुरवतात.

तुमच्याकडे आकडे इतके सोयीचे आहेत की वाटणी जवळजवळ आपोआप होते. दोन चार्जर, सात रात्री, चौदा गाड्या: प्रत्येक गाडीला आठवड्यातली एक रात्र. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत ५७ युनिटपर्यंत भरता येतात, म्हणजे बॅटरीत तेवढी मावत असेल तर आठवड्याची गरज भागून उरतात. रात्री दोन वाजता उठून गाडी हलवण्याची सक्ती कुणावर करायची नाही, ती टिकत नाही. सकाळी सातपर्यंत जागा रिकामी झाली पाहिजे, एवढंच. दिवसाचे तास ‘आधी येईल त्याला’ मोकळे ठेवा आणि भरून झाल्यावर अर्ध्या तासाची सवलत द्या. त्यापुढे उभं राहण्याचा आकार तासावर लावा, आमसभेत ठराव करून. विजेच्या दराहून हा आकार ठळकपणे जास्त हवा, नाहीतर लोक तो पार्किंगचं भाडं समजून आनंदानं भरतात.

यात एक खोच आहे. चार्जर ७.२ चा असला तरी प्रत्येक गाडी तेवढी वीज ओढत नाही. गाडीतला ऑनबोर्ड चार्जर जेवढा, तेवढाच वेग. सुरुवातीच्या ३०.२ युनिट बॅटरीच्या नेक्सॉन ईव्हीत आणि टियागो ईव्हीच्या काही प्रकारांत तो ३.३ किलोवॉटचाच आहे. अशा गाडीला आठवड्याच्या त्याच ४६ युनिटांसाठी एकूण चौदा तास लागतात, तिचा मालक मुद्दाम अडवून बसलेला नसतो. वाटणी करण्याआधी चौदाही गाड्यांचा ऑनबोर्ड आकडा लिहून घ्या आणि ३.३ वाल्यांना रात्रीखेरीज दिवसाचा एक निश्चित तुकडा द्या. त्याहून चांगलं म्हणजे त्यांना १६ अ‍ॅम्पिअरचं साधं सॉकेटच द्या, मोठा चार्जर त्यांच्या कामाचाच नाही.

‘ऐंशी टक्के झाले की काढा’ हा नियम हायवेवरच्या डीसी फास्ट चार्जरचा आहे. तिथं ऐंशीनंतर वेग खरोखर घसरतो आणि रांगेतला माणूस ताटकळतो. सोसायटीच्या एसी चार्जरवर गाडी जवळजवळ शेवटपर्यंत एकाच गतीनं भरते. शिवाय एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरीच्या गाड्या अधूनमधून शंभर टक्के भरा, असं कंपन्याच सांगतात, त्याशिवाय सेल समतोल राहत नाहीत आणि उरलेल्या किलोमीटरचा अंदाज चुकू लागतो. म्हणून ‘शंभरपर्यंत का बसवलीस?’ असं विचारू नका. ‘भरून झाल्यावर का ठेवलीस?’ हा प्रश्न रास्त आहे.

आता केबल काढण्याबद्दल. चार्जिंग चालू असलेल्या गाडीची गन (केबलच्या टोकाचा, गाडीत घालायचा प्लग) दुसऱ्यानं काढायची नाही, कधीच नाही. एसी चार्जरची टाइप-२ गन गाडीच्या बाजूनं खिळीनं अडकलेली असते. गाडी लॉक असताना ओढली की खिळी वाकते, आणि मग मालकाचीही गन निघत नाही, गाडी टो करायची वेळ येते. भरून झाल्यावर काही गाड्या खिळी सोडतात, काही सोडत नाहीत. यावर सोपा उपाय म्हणजे डॅशबोर्डवर ठेवायचं एक पुठ्ठ्याचं कार्ड: फ्लॅट क्रमांक, इंटरकॉम आणि ‘भरल्यावर गन काढायला हरकत नाही’ किंवा ‘आधी फोन करा’. गन काढणाऱ्यानं ती मुठीला धरून सरळ बाहेर घ्यायची, केबलला हिसका द्यायचा नाही, टोपण लावून हुकावर टांगायची. ओल्या फरशीवर टाकलेल्या गनमध्ये कचरा नि पाणी जातं, आणि पुढच्या माणसाला मध्यरात्री ‘फॉल्ट’ दिसतो.

तीन पिनच्या सॉकेटवर चार्ज करणाऱ्यांनी याहून जास्त काळजी घ्यावी. वीज वाहत असताना भिंतीतला प्लग उपटला की ठिणगी पडते आणि पिनांवर काळा डाग येतो. असं चार-पाचदा झालं की संपर्क ढिला होतो, तापतो आणि सॉकेट वितळतं. आधी गाडीच्या बाजूची गन काढायची, मग भिंतीचा प्लग.

प्रश्न : स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) जागा मला ठरावानं मिळालेली आहे. तिथं स्वतःच्या खर्चानं चार्जर बसवायचाय. समिती म्हणते, ‘लोड झेपणार नाही, आग लागेल, आणि जागा तुमच्या मालकीची नाही.’ (ठाणे)

उत्तर : तिसरा मुद्दा बरोबर आहे. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं, की स्टिल्ट पार्किंग हा इमारतीचा सामायिक भाग आहे आणि बिल्डरला ते वेगळं विकता येत नाही. तुमच्याकडे आहे तो वापराचा हक्क. पण वापराचा हक्क असलेल्या सभासदाला चार्जिंग नाकारायला एवढं कारण पुरत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घराच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करता येते. ग्राहक हक्क नियमांतल्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार तर चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणीही मागता येते.

लोडची आणि आगीची भीती मात्र उडवून लावू नका. तिला कागदानं उत्तर द्या. अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा एकपानी आराखडा जोडा आणि त्यात एवढं असू द्या:

चार्जर किती किलोवॉटचा. रोज पन्नासेक किलोमीटर चालवणाऱ्याला ३.३ पुरतो. रात्री आठ तासांत २५ युनिट भरतात. तुमच्यासारख्या सभासदाला आम्ही हाच सुचवू, कारण ‘लोड’चा अर्धा वाद तिथंच मिटतो.

मीटरपासून जागेपर्यंतचं अंतर आणि वायरची जाडी. ४० मीटरसाठी, ३.३ किलोवॉटच्या चार्जरच्या १६ अ‍ॅम्पिअरला किमान ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, ७.२ किलोवॉटच्या ३२ अ‍ॅम्पिअरला ६ च्या जागी १०. ३२ अ‍ॅम्पिअरवर ६ ची वायर त्या अंतरात जवळजवळ ८ व्होल्ट खाते, १० ची पाचच्या आत. हा फरक उष्णतेच्या रूपानं वायरीतच राहतो, रोज रात्री सलग काही तास. घरगुती वायरिंग इस्त्री-गीझरसाठी ठीक असतं, ती उपकरणं अर्ध्या तासात बंद होतात. गाडी होत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड जळण्याचं कारण हेच.

संरक्षण. ३२ अ‍ॅम्पिअरसाठी ४० चा एमसीबी (जादा वीज वाहिली की आपोआप बंद होणारा स्विच), १६ साठी २०, आणि ३० मिलिअ‍ॅम्पिअरची टाइप-ए आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). दुकानदार सहसा स्वस्तातली टाइप-एसी देतात. गाडीच्या चार्जरमधून येऊ शकणारी गळती तिला नीट ओळखता येत नाही, म्हणून बिलावर टाइप लिहून घ्या.

अर्थिंग. जुन्या इमारतींत सगळ्यात जास्त अडचण इथं येते. न्यूट्रल आणि अर्थमध्ये काही व्होल्ट दिसू लागले, की पोर्टेबल चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो आणि मालक कंपनीला शिव्या देतो. मल्टिमीटरनं मोजून घ्या. गरज असेल तर अर्थ-पिट (अर्थिंगचा खड्डा) नवा करा.

वायर केसिंग किंवा पाइपातून, डोक्यावरून. दुसऱ्याच्या जागेतून जमिनीवरून कधीच नाही. चार्जिंग पॉइंट गाडीच्या कुठल्या बाजूला आहे तेही पाहा. एमजी झेडएस ईव्हीसारख्या गाडीचा तोंडाशी असतो, काहींचा मागच्या चाकाजवळ. साधारण अडीच मीटर रुंद जागेत चार्जर चुकीच्या खांबावर बसला, तर केबल शेजाऱ्याच्या दारासमोरून जाते आणि तिथून भांडण सुरू होतं.

अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. समितीनं कारण न देता टाळाटाळ केली तर विषय आमसभेच्या पत्रिकेवर घ्यायला लेखी सांगा. तिथंही अडलं तर पार्किंगचे वाद सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. पण तिथपर्यंत जायच्या आधी आराखडा करणाऱ्या ठेकेदारालाच समितीच्या बैठकीत घेऊन जा. अध्यक्षांच्या मनातली आग बहुतेक वेळा एमसीबीच्या बोर्डाचं चित्र पाहिल्यावर विझते.

प्रश्न : चार्जिंगच्या जागेत पाहुण्यांच्या पेट्रोल गाड्या उभ्या राहतात. सोसायटीनं चाकाला जॅमर लावला तर?

उत्तर : लावू नका. टो करण्याचे अधिकार पोलिसांना आहेत, तेही सार्वजनिक रस्त्यावर. जॅमर लागलेल्या गाडीत कुणी आजारी असलं तर जबाबदारी सोसायटीवर येते. पाहुण्यांच्या गाड्या आत येतात त्या गेटवरून. गार्डनं तिथंच पाहुण्यांच्या जागेचा क्रमांक लिहिलेला पास द्यावा. चूक झालीच तर ज्या फ्लॅटकडे पाहुणा आला त्या सभासदाला फोन करावा आणि ठरावानुसार दंडही त्याच्याच बिलात लावावा. हायब्रिड गाडीला प्लग नसेल तर या जागेपुरती तीही पेट्रोल गाडीच समजायची.

प्रश्न : आमच्या संकुलात अपंगांसाठीची जागा कधीच भरलेली नसते. ती चार्जिंगला दिली तर चालेल का?

उत्तर : नाही. ती रुंद असते ती चाकाची खुर्ची उतरवण्यासाठी, आणि लिफ्टजवळ असते ती चालणं कमी पडावं म्हणून. महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसासाठीसुद्धा ती रिकामीच असायला हवी. चार्जर हवाच असेल तर त्या जागेच्या शेजारच्या खांबावर असा बसवा, की केबल दोन्ही जागांना पुरेल. म्हणजे अपंग सभासदानं उद्या विजेची गाडी घेतली तर त्यालाही तो वापरता येईल. चार्जरचं बटण आणि गनचा हुक जमिनीपासून एक मीटरच्या आसपास ठेवा, खुर्चीत बसून हात पोचेल इतका.